फी-माफीची चिठ्ठी आणि हक्काची जागा



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा कमिटीच्या मंडळींनी मला सांगितले, "दादा, तुम्ही शिक्षणावर काहीतरी लिहा, पण भाषण नको, इतिहास लिहा." मी मिलमधला माणूस. कापड रंगवण्याच्या खात्यात तीन पाळ्यांत उभे राहून माझी उमर पन्नाशीच्या पुढे गेली. शाळा दहावीलाच सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर आणि रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत झाले. त्यामुळे विद्वानासारखी मांडणी माझ्याकडून होणार नाही, पण जे वाचले, पाहिले आणि भोगले ते सरळ सांगतो. चूकभूल वाचकांनी पदरात घ्यावी.

हा लेख लिहायला कारण झाले गेल्या वर्षीच्या जून महिन्यातली एक मिटिंग. आपल्या विहाराचा छोटासा शिक्षण फंड आहे. चौदा एप्रिल, बुद्ध पौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन या तीन दिवसांच्या दानातून आणि काही नोकरदारांच्या महिन्याच्या वर्गणीतून तो उभा राहतो. त्या दिवशी फंडात एकाच मुलाचे भागेल एवढे पैसे होते आणि अर्ज आले दोन. पहिला अर्ज एका नाका कामगाराच्या मुलीचा. ती पंचवीस टक्क्यांच्या कोट्यातून खाजगी इंग्रजी शाळेत पहिलीपासून आठवीपर्यंत मोफत शिकली. आठवी संपली आणि शाळेने चिठ्ठी पाठवली की नववीची पूर्ण फी भरा, नाहीतर दाखला घेऊन जा. दुसरा अर्ज एका क्लार्कच्या मुलाचा. दहावीला त्याला ब्याण्णव टक्के मार्क होते आणि त्याला सायन्सच्या क्लासला जायचे होते.

मिटिंगमध्ये जोरदार वाद झाला. एक जण म्हणाला, "हुशार पोराला द्या, तो समाजाचं नाव काढंल." दुसरी ताई उठून म्हणाली, "आन् त्या पोरीचं काय? तिला कुणी क्लास लावला होता का कधी?" रात्री साडेअकरापर्यंत निर्णय झाला नाही. घरी येताना माझ्या मनात एकच विचार होता की हा वाद काही आजचा नाही. मदत कोणाला द्यायची, हुशाराला की गरजवंताला, आणि ती दया म्हणून द्यायची की हक्क म्हणून, हा प्रश्न आपल्या महापुरुषांच्या समोरही आला होता. त्यांनी काय उत्तर दिले ते पाहू.

महात्मा फुल्यांचे निवेदन

सन १८८२ साली इंग्रज सरकारने हंटर साहेबाच्या अध्यक्षतेखाली शिक्षण कमिशन नेमले. क्रांतिबा जोतीराव फुल्यांनी या कमिशनपुढे आपले निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, बहुजनांच्या मुलांना शाळेची दारे उघडा, एवढाच भाग आपण भाषणात नेहमी सांगतो. पण त्याच निवेदनात फुल्यांनी शिष्यवृत्तीबद्दलही लिहिले आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सरकारी शिष्यवृत्त्या स्पर्धेने, म्हणजे परीक्षेतल्या मार्कांवर दिल्या जातात. वरवर पाहता ही पद्धत अगदी न्यायाची वाटते. पण ज्यांच्या घरात आधीच शिक्षणाची गोडी आहे त्यांनाच ती पुढे नेते आणि ज्या जातींमध्ये शिक्षण पोहोचलेच नाही ती मुले मागेच राहतात. म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठी ठेवाव्यात की ज्यांच्यात शिक्षणाचा प्रसार झालेला नाही. शिवाय ते हेही दाखवून देतात की सरकारची तिजोरी शेतकऱ्याच्या घामाने भरते आणि तिचा फायदा मात्र वरचे वर्ग घेतात.

बांधवांनो, विचार करा. आपल्या मिटिंगमध्ये जो वाद झाला त्याचे उत्तर फुल्यांनी तेव्हाच देऊन ठेवले होते. शर्यतीत सगळे एकाच रेघेवर उभे असतील तर पहिल्या आलेल्याला बक्षीस देणे योग्य. पण एकाची रेघ शंभर पावलं पुढे असेल तर ती शर्यत कसली?

राजांची मदत, कर्मवीरांची मदत

त्यानंतरच्या काळात मदतीचे वेगवेगळे मार्ग निघाले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानात नेला. नामदार गोखल्यांनी कलकत्त्याच्या कौन्सिलात असाच कायदा सगळ्या देशासाठी मांडला होता, तो १९१२ साली फेटाळला गेला. जे इंग्रज सरकारला जड वाटले ते राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात करून दाखवले, प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले.

शाहू महाराजांना आणखी एक गोष्ट बरोबर कळली होती. नुसती फी माफ करून खेड्यातला पोरगा शिकत नाही. त्याला राहायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते. म्हणून १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली आणि अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढले. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे शाहू बोर्डिंग सुरू केले. तिथे महार, मांग, मराठा, मुसलमान अशी सगळी पोरे एका पंगतीत जेवली. बोर्डिंग चालवण्यासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. कर्मवीरांची पद्धत "कमवा आणि शिका" अशी होती. पोरगा हातांनी कष्ट करायचा आणि त्यावर शिकायचा, त्यामुळे त्याची मान खाली जात नव्हती. मदत घेणाऱ्याची मान ताठ राहिली पाहिजे, हा धडा कर्मवीरांनी दिला.

बाबासाहेबांची शिष्यवृत्ती

आता बोधिसत्त्व बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना त्यांना सयाजीरावांकडून महिना २५ रुपयांची मदत मिळत होती. १९१३ साली त्याच महाराजांनी त्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी महिना साडेअकरा पौंडाची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. अट अशी की परत आल्यावर दहा वर्षे बडोदा सरकारची नोकरी करायची. ही मदत मिळाली नसती तर पुढचा इतिहास कसा झाला असता, कल्पना करवत नाही. म्हणून बडोद्याच्या महाराजांचे उपकार आपण मोठ्या मनाने मानले पाहिजेत.

पण पुढे काय झाले तेही विसरू नये. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनमधले शिक्षण अर्धवट टाकून बाबासाहेबांना १९१७ साली परत यावे लागले. बडोद्याला नोकरीवर गेले तर एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला खोली मिळाली नाही. ऑफिसातला शिपाईदेखील लांबून फायली टाकायचा. याचा अर्थ काय? एका राजाची मर्जी एका माणसाला वर काढू शकते, पण समाजाची शिडी बदलू शकत नाही. शिवाय जी मदत मर्जीवर असते ती मर्जी संपली किंवा मुदत संपली की थांबते.

म्हणूनच बाबासाहेबांनी स्वतः मदतीचे रूप बदलले. बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले. १९२७ साली मुंबईच्या कौन्सिलात त्यांनी सरकारला ठणकावून सांगितले की खालचे वर्ग आता कुठे हायस्कूल-कॉलेजच्या दारात येत आहेत, अशा वेळी शिक्षण महाग करू नका, या वर्गांना ते होईल तितके स्वस्त करा. (त्याच १९२७ साली आपल्या बदलापुरात शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषविले होते, हे इथल्या तरुण पिढीला माहीत असावे.) ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना १९४४ पासून अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादचे कॉलेज, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले, अशी ही वाट आहे. मर्जीची मदत बजेटात आली. दान होते, ते हक्क झाले. बाबासाहेबांचे हे काम मला फार मोठे वाटते.

फ्रीशिपवाले उभे राहा!

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात मागासवर्गीयांना फ्रीशिप आणि इतर गरिबांना ईबीसी सवलत मिळू लागली. शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाई यांच्या काळात वर्षाला १२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांच्या मुलांना फी माफ झाली. या सवलतीने खेड्यापाड्यातली आणि गिरणगावातली एक अख्खी पिढी शिकली, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

माझे वडील अंबरनाथला काडीपेटीच्या कारखान्यात कामाला होते. आमच्या या पट्ट्याची गोष्टच वेगळी. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. शहाडला रेयॉन, अंबरनाथला काडीपेटी, केमिकल आणि दारूगोळ्याचे सरकारी कारखाने, नंतर बदलापूरला एम.आय.डी.सी. देशावरून, कोकणातून, मराठवाड्यातून, उत्तरेकडून माणसे कामाला आली. सिंधी बांधव सर्वस्व गमावून आले होते, तरी त्यांनी पहिल्यांदा दुकान आणि त्याच्या मागोमाग शाळा उभी केली. ती गोष्ट आपण त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे.

मी ज्या शाळेत होतो तिचे नाव लिहीत नाही. शाळा चांगली होती, शिकवायचे चांगले. पण दर वर्षी जूनमध्ये एक बाई वर्गात येऊन मोठ्याने म्हणायच्या, "फ्रीशिपवाले उभे राहा!" आम्ही सात-आठ पोरे उभे राहायचो. बाकीचा वर्ग वळून बघायचा. बाईंच्या मनात वाईट नव्हते, त्यांना फॉर्म मोजायचे होते. पण चौथीपासून दहावीपर्यंत मी वर्षातून एकदा असा उभा राहिलो, आणि कोण कोण आपल्याकडे बघतं हे आजही डोळे मिटले की दिसते. म्हणून सांगतो, मदत किती रुपयांची आहे याला जेवढी किंमत आहे, तेवढीच ती कशी दिली जाते यालाही आहे.

खाजगी शाळांचा जमाना

१९६४ ते ६६ या काळात कोठारी कमिशनने शिफारस केली होती की एका वस्तीतली सगळी मुले, साहेबाची आणि शिपायाची, एकाच शेजारशाळेत शिकावीत. ती शिफारस कागदावरच राहिली. उलट झाले असे की ज्याच्याकडे पैसा आला तो खाजगी इंग्रजी शाळेत गेला, आणि नगरपालिकेच्या शाळेत ज्याला पर्याय नाही तोच उरला. कॅपिटेशन फी म्हणजे देणगीचा बाजार एवढा वाढला की महाराष्ट्र सरकारला १९८७ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला.

इथे सुप्रीम कोर्टाची एक गोष्ट सांगतो. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात कोर्टाने खाजगी मेडिकल-इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी एक योजना घालून दिली. निम्म्या जागा मार्कांवर "फ्री सीट" आणि निम्म्या जागा जास्त फीच्या "पेमेंट सीट", म्हणजे पैसेवाल्यांच्या फीमधून हुशार गरिबांचे शिक्षण व्हावे. ऐकायला किती छान! पण २००२ साली टी.एम.ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ही योजना मोडीत काढली. त्या निकालात हेही नोंदले आहे की प्रत्यक्षात फ्री सीट मिळवत होती ती चांगल्या शाळेत शिकलेली, सुखवस्तू घरची मुले, आणि खेड्यातल्या, कमी मार्कांच्या गरीब मुलांना पेमेंट सीट घ्यावी लागत होती. म्हणजे गरिबाच्या बापाने कर्ज काढून श्रीमंताच्या मुलाची फी भरली! फुल्यांनी १८८२ साली जे सांगितले ते १२० वर्षांनी सुप्रीम कोर्टाच्या निकालात वाचायला मिळाले.

हे आपल्याच देशात होते असे नाही. इंग्लंडमध्ये १९८० साली सरकारने गरीब पण हुशार मुलांची खाजगी शाळेतली फी भरण्याची योजना काढली होती. अभ्यासकांनी तपासले तर तिचा फायदा कामगारांच्या मुलांना कमी मिळाला, आणि शिकलेल्या पण तात्पुरती आमदनी घटलेल्या घरांनी तो बराच घेतला. १९९७ साली तिथल्या नव्या सरकारने ती योजना बंद केली. फॉर्म भरता येणारा, माहिती असणारा माणूस नेहमी रांगेत पुढे असतो, मग तो लंडनचा असो नाहीतर उल्हासनगरचा.

पंचवीस टक्क्यांचा हक्क

२००२ साली घटनेत कलम २१-अ आले आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क बनले. त्यावर २००९ चा शिक्षण हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे विनाअनुदानित खाजगी शाळेनेही पहिलीच्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या शेजारच्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत मोफत शिकवायचे. मुलाची परीक्षा नाही, आईबापाची मुलाखत नाही. फीचा परतावा सरकार शाळेला देणार.

बांधवांनो, या कलमात फार मोठी क्रांती आहे. आतापर्यंत खाजगी शाळेत फी-सवलत म्हणजे ट्रस्टींची मर्जी होती. ट्रस्टींच्या ओळखीचा, नगरसेवकाच्या चिठ्ठीचा, किंवा क्रिकेट चांगला खेळणारा पोरगा असेल तर सवलत. आता ती जागा कायद्याने आली. शाळावाले कोर्टात गेले, पण १२ एप्रिल २०१२ रोजी सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने हे कलम कायम केले.

मात्र हक्क मिळाला म्हणजे न्याय मिळाला असे नाही. माझ्या अनुभवातून अडचणी सांगतो.

पहिली अडचण फॉर्मची. अर्ज ऑनलाइन. नकाशावर आपल्या घराचा फुगा ठेवायचा, त्यावरून शाळेचे अंतर मोजले जाते, एक किलोमीटर, तीन किलोमीटर. चाळीचा पत्ता नकाशावर सापडत नाही. भाड्याच्या खोलीचा करार नोंदवलेला नसतो. नाका कामगार दाखल्यासाठी तहसीलला दोन दिवस गेला तर दोन दिवसांची मजुरी बुडाली. मी आणि आपल्या विहारातली दोन पोरे दर वर्षी फॉर्म भरून देतो, तेव्हा पाहतो की अर्धी लढाई कागदांचीच असते.

दुसरी अडचण उत्पन्नाची. आर्थिक दुर्बल घटकासाठी वर्षाला एक लाखाची मर्यादा ठेवली गेली. भागाकार करा, महिना ८,३३३ रुपये होतात. कंपनीत पगाराची स्लिप आणि पी.एफ. असलेला साधा हेल्परसुद्धा यात बसत नाही. आणि ज्याचा धंदा रोखीचा आहे, गल्ल्यावर बसतो, तो मात्र पाहिजे तो आकडा सांगून दाखला काढतो. म्हणजे ज्याचा पगार कागदावर दिसतो तो प्रामाणिक कामगार बाहेर आणि ज्याचे उत्पन्न दिसत नाही तो आत! माझ्या शेजारचा उत्तरेकडून आलेला भाऊ माझ्याच खात्यात काम करतो. त्याचा पगार माझ्याएवढाच. पण अनुसूचित जातीला उत्पन्नाची अट नसल्याने माझ्या नातीचा फॉर्म भरता आला, त्याच्या मुलीचा नाही.

तिसरी अडचण पैशांच्या परताव्याची. काही वर्षे सरकारने एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये असा दर ठरवला होता, आणि कोरोनाच्या काळात २०२०-२१ साठी तो ८,००० केला. तोही वेळेवर मिळाला नाही म्हणून शाळा वर्षानुवर्षे ओरडत राहिल्या. शाळावाल्यांची सगळीच तक्रार खोटी आहे असे मी म्हणणार नाही. छोटी शाळा, भाड्याची इमारत, तिला परतावा थकला तर शिक्षकाचा पगार थकतो. पण सरकार आणि शाळा यांच्या भांडणात पोराला पुस्तके नाहीत, सहलीला नाव नाही, हे कोणत्या न्यायात बसते?

चौथी अडचण अल्पसंख्याक शाळांची. २०१४ साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही असे ठरवले. आपल्या भागात, विशेषतः उल्हासनगरात, भाषेच्या आणि धर्माच्या नावाने अल्पसंख्याक असलेल्या शाळा आहेत, त्यामुळे यादी तेवढी आखूड झाली. अल्पसंख्याकांचा हक्क आम्हाला मान्य आहे, बाबासाहेबांनीच घटनेत तो ठेवला. पण दारातल्या गरिबाच्या चार पोरांना घेतल्याने कुणाचा धर्म किंवा भाषा बुडत नाही. २०२५ साली सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला, ही आशेची गोष्ट आहे.

२०२४ चा घाला

एवढ्यात ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने नियम बदलला. ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तिला पंचवीस टक्क्यांतून सूट! असाच नियम आधी केरळ आणि कर्नाटकात झाला होता. आपल्या शहरात एक किलोमीटरच्या आत नगरपालिकेची किंवा अनुदानित शाळा कुठे नाही? म्हणजे हक्क कागदावर ठेवायचा आणि जागा काढून घ्यायची, असाच हा डाव. त्या वर्षी फॉर्म भरायला बसलो तर यादीत आधीच्या बहुतेक खाजगी शाळाच नव्हत्या. एक आई मला म्हणाली, "दादा, ही तर आमच्या गल्लीतलीच शाळा झाली. हिच्यासाठी फॉर्म कशाला?" मला उत्तर देता आले नाही.

पालक आणि संघटना मुंबई हायकोर्टात गेल्या. ६ मे २०२४ रोजी स्थगिती मिळाली, पुन्हा नव्याने अर्ज मागवावे लागले, आणि १९ जुलै २०२४ रोजी मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्या. अमित बोरकर यांच्या खंडपीठाने तो नियम मूळ कायद्याच्या आणि घटनेच्या विरुद्ध म्हणून रद्द केला. पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानेही शाळांच्या बाजूने हस्तक्षेप करायला नकार दिला. लक्षात घ्या, मर्जीची मदत काढून घेतली तर कोर्टात जाता येत नाही. हक्क काढून घेतला म्हणून जाता आले. दान आणि हक्क यांतला फरक याच्यापेक्षा सोप्या शब्दांत मला सांगता येणार नाही.

आपल्या घरातला प्रश्न

आता थोडे कडू बोलतो. अनुसूचित जातींना या कोट्यात उत्पन्नाची अट नाही, आणि ते बरोबरच आहे. कारण जात पगार वाढला म्हणून सुटत नाही, बडोद्यात बाबासाहेबांना पगार होता, खोली नव्हती. पण लॉटरीच्या डब्यात आपल्यातल्या साहेबाच्या मुलाची चिठ्ठी आणि नाका कामगाराच्या मुलीची चिठ्ठी सारखीच असते. ज्याच्या दारात गाडी आहे, जो फी सहज भरू शकतो, त्यानेही तीच जागा धरली तर मागची पोरगी कुठे जाईल? कायदा त्याला अडवत नाही. म्हणून मी म्हणतो, हे काम कायद्याचे नाही, शीलाचे आहे. दोन पिढ्या शिकून वर गेलेल्या आपल्या बांधवाने मनाने ती जागा सोडावी. आरक्षण सोडा असे मी म्हणत नाही, कुणी तसा अर्थ काढू नये. नोकरीतला, शिक्षणातला आपला हक्क एक इंचही सोडायचा नाही. फक्त आपल्याच वस्तीतल्या शेवटच्या पोराला रांगेत पुढे घ्या, एवढीच विनंती.

दुसरा प्रश्न आठवीनंतरचा. कायदा चौदा वर्षांवर संपतो. आठ वर्षे इंग्रजीत शिकलेल्या पोरीला नववीत पूर्ण फी मागितली तर ती जाणार कुठे? नववी-दहावीसाठी २०१२ पासून केंद्राची शिष्यवृत्ती आहे, पण खाजगी शाळेच्या फीपुढे ती रक्कम पुरत नाही. नदीच्या मध्यापर्यंत नावेत बसवायचे आणि तिथे म्हणायचे, उतर आता! हा हक्क निदान दहावीपर्यंत, खरे तर बारावीपर्यंत नेला पाहिजे. आपल्या पुढच्या लढाईची मागणी हीच असली पाहिजे.

त्या मिटिंगचा निकाल सांगायचा राहिला. पुढच्या रविवारी पुन्हा बसलो. मी फुल्यांच्या निवेदनातला तो भाग वाचून दाखवला. हात वर करून मतदान झाले आणि थोड्या फरकाने नववीतल्या पोरीला मदत द्यायचे ठरले. क्लार्क बंधू रागावले, चार महिने विहारात आले नाहीत. त्यांचा राग मला समजतो, त्यांच्या पोराचाही काही गुन्हा नव्हता. फंड मोठा असता तर दोघांनाही देता आले असते. वर्षावासाच्या समारोपाला मात्र ते आले आणि मागच्या रांगेत बसले. दोघांनीही त्या विषयावर बोलणे काढले नाही, नुसता जय भीम केला.

आम्ही एक गोष्ट पाळली. पोरीला विहारात बोलावून, फोटो काढून, टाळ्या वाजवून चेक दिला नाही. दोन माणसे शाळेत गेली, फी भरली आणि पावती तिच्या आईच्या हातात दिली. तिला कुणासमोर उभे राहावे लागले नाही.

ती पोरगी आता दहावीत आहे. तिची अर्धी फी अजून भरायची आहे. या स्मरणिकेच्या वाचकांनी वर्धापनदिनाला येताना ते ध्यानात ठेवावे. आणि येताना आपापल्या गल्लीत पहिलीच्या वयाचे कोणते मूल आहे, त्याच्या घरी कोणते कागद कमी आहेत, तेही विचारून यावे. फॉर्म आपण भरू.

जय भीम! जय भारत!